एक वात की तीन? घरच्या मेणबत्तीचा भंडाऱ्यातला हिशेब

दिवाळी जवळ आली की घरी मेणबत्त्या करून पाहाव्यात, चार विकाव्यात, असा विचार अनेक घरांत आणि बचत गटांत सुरू होतो. मेण कोणते, सुगंध कोणता, भांडे कोणते यावर भरपूर बोलणे होते. वातीचा विषय मात्र शेवटी येतो, तोही शोभेपुरता: तीन ज्योती छान दिसतात, तर तीन वाती टाकू. नुकसान होते ते इथेच. वात ही मेणबत्तीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, पण बाकीच्या महाग वस्तू वाया जाणार की कामी येणार, हे तीच ठरवते.

म्हणून हा हिशेब मांडला आहे. भंडारा जिल्ह्यातले ऊन, इथली पितळी भांडी आणि इथला खिसा डोळ्यांपुढे ठेवून.

आधी निकाल

वातींची संख्या भांड्याच्या रुंदीवर ठरते. भांड्याच्या आतल्या तोंडाची मोजपट्टीने रुंदी घ्या आणि असे ठरवा:

- ७.५ सेंटिमीटरपर्यंत: एक वात.
- ७.५ ते ९ सेंटिमीटर: एक जाड वात. चाचणीत ती कमी पडली, तरच दोन बारीक.
- ९ ते ११ सेंटिमीटर: दोन वाती.
- ११ ते १३ सेंटिमीटर: तीन वाती, त्रिकोणात.
- त्याहून रुंद: घरगुती कामासाठी दुसरे भांडे घ्या.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. मेणाचा प्रकार, सुगंधी तेलाचे प्रमाण आणि वातीची जाडी बदलली की उत्तर थोडे सरकते, म्हणून शेवटचा शब्द चाचणीचा.

वात नेमके काय करते

जळते ते मेण. वात त्याला वर आणते. ज्योतीच्या उष्णतेने भोवतालचे मेण वितळते, वात ते ओढून घेते, वर त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर व्याख्यानमाला दिली, ती एवढ्याच विषयावर होती. एका मेणबत्तीत किती विज्ञान आहे, हे त्यावरून कळावे.

आपल्या कामाचा भाग असा की एका ज्योतीची पोच ठरलेली असते. साधारण जाडीची वात आपल्याभोवती सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंदीचे मेणाचे तळे करते. भांडे त्याहून बरेच रुंद असले की कडेचे मेण घट्टच राहते, ज्योत मधोमध खाली खाली जाते आणि खड्डा पडतो. मग वात वितळलेल्या मेणात बुडून विझते.

समईत पाच वाती चालतात, मग इथे का नको, असे वाटू शकते. समईतले तेल आधीच पातळ असते. एक वात लावा की पाच, तेल सगळ्यांपर्यंत पोहोचते. मेणबत्तीत प्रत्येक वातीला आपल्या वाट्याचे मेण आधी वितळवावे लागते. म्हणूनच तीन वातींच्या मेणबत्तीत तिन्ही वाती दर वेळी एकत्र पेटवायच्या. बचत म्हणून एकच लावली, तर उरलेल्या दोन मेणात बुडतात आणि पुढे पेटत नाहीत.

वात विणलेली घ्या. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये विणलेली वात निघाली. जळताना तिचे टोक वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि तिथे जळून जाते, त्यामुळे काजळी कमी साठते. पूजेची फुलवात किंवा घरी पिळलेला सुती दोरा मेणबत्तीत नीट उभा राहत नाही. ज्योत मोठी होते आणि धूर येतो.

तिन्हींचा खर्च, शेजारी शेजारी

हिशेबासाठी किरकोळीतले हे दर धरले आहेत: सोया मेण ३२० रुपये किलो, सुगंधी तेल ३ रुपये ग्रॅम, पत्र्याची चकती लावलेली तयार वात २ रुपये. सुगंधी तेल मेणाच्या ६ टक्के. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात. तुम्हाला मिळालेला दर टाकून हीच बेरीज पुन्हा करा.

एक वात, ७ सेंटिमीटर रुंद काच, २०० ग्रॅम मेण:
मेण ६४, सुगंध ३६, वात २, काच ४५, खोका व चिकटपट्टी १०, गॅस ५. एकूण १६२ रुपये.

दोन वाती, १० सेंटिमीटर रुंद काच, ४०० ग्रॅम मेण:
मेण १२८, सुगंध ७२, वाती ४, काच ९०, खोका १५, गॅस ८. एकूण ३१७ रुपये.

तीन वाती, १२ सेंटिमीटर रुंद वाडगा, ६०० ग्रॅम मेण:
मेण १९२, सुगंध १०८, वाती ६, वाडगा १५०, खोका २०, गॅस १२. एकूण ४८८ रुपये.

आता ही मेणबत्ती किती तास चालते ते पाहू. एकटी वात तासाला साधारण ६ ग्रॅम मेण खाते. दोन किंवा तीन असल्या की प्रत्येक वात थोडी बारीक निवडतात, म्हणून प्रत्येकी ५ ग्रॅम धरू. तळाचे सव्वा सेंटिमीटर मेण जाळायचे नसते, कारण भांड्याचे बूड तापून काच तडकू शकते. सुमारे २० टक्के मेण असे शिल्लक राहते. उरलेल्यातून:

- एक वात: सुमारे २८ तास, तासाला ५ रुपये ८० पैसे.
- दोन वाती: सुमारे ३४ तास, तासाला ९ रुपये ३० पैसे.
- तीन वाती: सुमारे ३४ तास, तासाला १४ रुपये ४० पैसे.

तीन वातींच्या मेणबत्तीत तिप्पट मेण आहे, तरी ती एका वातीच्या मेणबत्तीपेक्षा फार तर सहा तास जास्त चालते. मोठ्या मेणबत्तीला जास्त पैसे देताना ‘जास्त दिवस पुरेल’ असा समज असेल, तर तो सोडावा. जादा पैसे मोठ्या ज्योतीचे आणि खोलीभर पसरणाऱ्या सुगंधाचे आहेत. बैठकीत पाहुणे असताना ते पैसे वसूल होतात. झोपायच्या खोलीत, देवघराजवळ किंवा अभ्यासाच्या टेबलावर होत नाहीत.

तळाचे घट्ट मेण फेकू नका. थंड झाल्यावर सुरीने काढून, काजळी गाळून पुढच्या घाण्यात वितळवता येते.

चुकीच्या वातीची किंमत

समजा, १० सेंटिमीटर रुंद भांड्यात दोनऐवजी एकच वात घातली. तळे साडेसहा सेंटिमीटरपर्यंतच गेले. भांड्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर जवळपास ५८ टक्के मेण कडेला तसेच राहते. त्यातले मेण आणि सुगंध मिळून ११६ रुपये झाले. एक वात वाचवून २ रुपये वाचले आणि ११६ रुपये भांड्याला चिकटून बसले. पुढे त्यातले थोडे ओघळते हे खरे, पण बरेचसे राहतेच. ग्राहकाने अशी मेणबत्ती घेतली, तर तो दुसऱ्यांदा तुमच्याकडे येत नाही, आणि ते नुकसान ११६ रुपयांपेक्षा मोठे आहे.

उलटी चूक म्हणजे ७ सेंटिमीटरच्या काचेत दोन वाती. तळे खोल होते, काच हाताला चटका देईल इतकी तापते, वातीच्या टोकाला काजळीचे बोंड धरते आणि काचेच्या कडा काळ्या पडतात. २८ तासांची मेणबत्ती १५-१६ तासांत संपते. तासाचा खर्च १० रुपयांच्या वर जातो आणि सुगंधही लवकर उडतो.

भंडाऱ्याचे ऊन आणि मेण

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भांड्यात ओतायचे सोया मेण साधारण ४६ ते ५४ अंशांना वितळते. म्हणजे उन्हाळ्यात ते वितळण्याच्या उंबरठ्यावरच असते. बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. तिथे ठेवलेली मेणबत्ती पातळ होते आणि दोन-तीन वाती असतील तर त्या एकमेकींकडे झुकतात. पुन्हा घट्ट झाल्यावर त्या तशाच वाकड्या राहतात. एक वात निदान चकतीवर मधोमध टिकण्याची शक्यता जास्त. उन्हाळ्यात नागपूरच्या इतवारीतून मेण आणायचे असेल किंवा माल तिकडे पाठवायचा असेल, तर सकाळची पहिली गाडी धरा.

पॅराफिनचे वितळणे प्रतीप्रमाणे साधारण ४६ ते ६८ अंशांत होते. पाकिटावर ५८-६० किंवा त्याहून वरचा आकडा पाहून घ्या. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, म्हणून आपल्या उन्हात ते उत्तम टिकते. भाव मात्र सोयाच्या दुपटीच्या आसपास धरा. बिनभांड्याची, स्वतंत्र उभी राहणारी मेणबत्ती उन्हाळ्यात सोयाची करूच नका. पॅराफिनमध्ये थोडे स्टिअरिक ॲसिड घालून करा, ती कडक होते.

उष्णतेचा दुसरा भागही मोजा. एक ज्योत जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता सोडते. तीन वाती म्हणजे, प्रत्येक थोडी बारीक धरूनही, सुमारे १५० वॉटची शेगडी, तीही मे महिन्याच्या खोलीत. वरून पंखा बंद करता येत नाही, आणि पंख्याच्या वाऱ्यात ज्योत फडफडून काजळी धरते व मेण एकाच बाजूने वितळते. म्हणून अनेक वातींच्या मेणबत्त्या दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच करा आणि विका. उन्हाळ्यात एका वातीच्या लहान मेणबत्त्या पुरेत.

लाइट गेली तर

लाइट गेल्यावर उजेड हवा म्हणून तीन वाती टाकत असाल, तर थांबा. एक ज्योत साधारण १२-१३ ल्युमेन उजेड देते, तीन मिळून ४० च्या आत. ९ वॉटचा साधा एलईडी बल्ब ८०० ल्युमेनच्या वर देतो. मुलांच्या अभ्यासासाठी बॅटरीचा एलईडी दिवा घ्या. पैशाच्या आणि डोळ्यांच्या दृष्टीने तोच बरा.

तरीही घरात अडीअडचणीची मेणबत्ती हवीच. ती २ सेंटिमीटर जाडीची, बिनसुगंधाची, पॅराफिनची, एका वातीची करा. पॅराफिन १५० रुपये किलो धरले, तर ५० ग्रॅमची मेणबत्ती साडेआठ रुपयांत होते आणि सात तास चालते. तासाला सव्वा रुपया. सगळ्यांत स्वस्त पर्याय हाच.

पितळेची वाटी वापरावी का

भंडारा पितळी भांड्यांचा जिल्हा. घरोघरी माळ्यावर जुनी वाटी, गंगाळ किंवा गडू असतो. मोडीत देण्याऐवजी त्यात मेणबत्ती करण्याची कल्पना मला मनापासून आवडते: भांड्याचा खर्च शून्य आणि ते कितीदाही भरता येते. वर दोन वातींच्या हिशेबात काचेचे ९० रुपये धरले होते. ते गेले की त्याच मेणबत्तीचा खर्च २२७ रुपयांवर येतो. पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली: पितळेत तांबे असते. सोया मेणातल्या मोकळ्या स्निग्धाम्लांशी किंवा स्टिअरिक ॲसिडशी त्याचा संबंध आला की मेण हिरवट पडते. म्हणून आतून कल्हई करून घ्या किंवा पितळेच्या भांड्यात मापाची स्टीलची वाटी बसवा.

दुसरी: धातू काचेपेक्षा लवकर तापतो आणि कडेचे मेण वितळायला मदत करतो. त्यामुळे त्याच रुंदीच्या काचेसाठी घेतलेल्या वातीपेक्षा एक नंबर बारीक वात घेऊन चाचणी सुरू करा. बाहेरून भांडे तापते, म्हणून खाली लाकडी पाट किंवा जाड फरशी हवी. प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवू नका.

तिसरी: गडूसारखे तोंडाशी निमुळते आणि पोटात फुगीर भांडे टाळा. वरच्या रुंदीवरून घेतलेली वात पोटात कमी पडते आणि पोटाच्या मापाची वात तोंडाशी भडकते. सरळ कडांची वाटी सर्वांत चांगली. पसरट गंगाळात पाच-सहा वाती लावल्या की दृश्य देखणे होते, पण त्या जवळजवळ आल्या तर मेणाचा मोठा पृष्ठभाग एकदम तापतो. त्यापेक्षा गंगाळात नुसते पाणी घालून तरंगत्या लहान मेणबत्त्या सोडा. शोभा तीच, धोका कमी.

वाती कुठे आणि कशा बसवायच्या

दोन वाती असतील तर त्यांच्यातले अंतर भांड्याच्या रुंदीच्या निम्मे ठेवा. १० सेंटिमीटरच्या भांड्यात वाती एकमेकींपासून ५ सेंटिमीटर आणि काठापासून अडीच सेंटिमीटर. तीन वातींसाठी भांड्याच्या बुडाच्या आकाराचा कागद कापा, मध्यापासून निम्म्या त्रिज्येवर समान अंतराने तीन खुणा करा. १२ सेंटिमीटरच्या वाडग्यात प्रत्येक वात काठापासून ३ सेंटिमीटरवर आणि एकमेकींपासून ५ सेंटिमीटरपेक्षा थोडी अधिक अंतरावर येते. हा कागद एकदा केला की शंभर मेणबत्त्यांना पुरतो.

कोणतीही वात काठापासून अडीच सेंटिमीटरच्या आत नको. चकती बुडाला पक्की चिकटवा. वरून काडी आडवी ठेवून त्यात वाती ताठ धरा. एकाच मेणबत्तीतल्या सगळ्या वाती एकाच नंबरच्या आणि एकाच पाकिटातल्या हव्यात, नाहीतर एक बाजू आधी संपते.

वातीत धातूची तार असेल तर ती पांढऱ्या कागदावर घासून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती शिशाची असू शकते. ती वात वापरू नका. शिशाच्या तारेच्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली. आपण तारेशिवायच्या सुती वातीच घ्याव्यात.

चाचणीचे पैसे बाजूला काढा

विक्रीआधी एक किलो मेण, म्हणजे आपल्या दराने ३२० रुपये, चाचणीसाठी राखून ठेवा. एकाच मापाच्या भांड्यांत तीन जाडीच्या वाती घालून पाहा. सोया मेणबत्ती ओतल्यावर एक-दोन आठवडे मुरू द्या. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. मग पंखा बंद करून पेटवा आणि घड्याळ लावा.

रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास लागतो. १० सेंटिमीटरच्या भांड्यात चार तासांत तळे काठाला लागले आणि त्याची खोली सव्वा सेंटिमीटरच्या आसपास राहिली, तर वात बरोबर. दोन तासांतच काठाला लागून खोल झाले, तर वात जाड. चार तासांनंतरही कडेला घट्ट मेणाचे कडे राहिले, तर वात बारीक किंवा संख्येने कमी. दोन वाती असतील तर दोन्ही तळी तासा-दीड तासात एकमेकांना मिळायला हवीत.

आगीची काळजी

मेण थेट गॅसवर कधीही वितळवू नका. मोठ्या गंजात पाणी उकळा आणि त्यात मेणाचे भांडे ठेवा. स्वयंपाकघरात वापरता येईल असा साधा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्याच. मेण पेटले तर पाणी ओतू नका, पेटते मेण उसळून अंगावर येते. गॅस बंद करा आणि भांड्यावर झाकण घाला. मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

पाणी पिण्याचा साधा ग्लास मेणबत्तीला वापरू नका; उष्णता सोसणारी, जाड बुडाची काच घ्या. दर वेळी पेटवण्याआधी वात सहा मिलिमीटरपर्यंत कापा. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. पडद्याजवळ किंवा देवघराच्या लाकडी छताखाली अनेक वातींची मेणबत्ती ठेवू नका.

विकणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

गटाने विक्री करायची असेल, तर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकला जात असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पाकीटबंद विक्री केली की वेष्टनावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. हा २०११ च्या वैधमापन नियमांचा भाग आहे. प्रशिक्षण आणि कर्जाच्या योजनांची चौकशी भंडाऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात करा. पहिल्या हंगामात ७ सेंटिमीटरची एक वात आणि १० सेंटिमीटरच्या दोन वाती, अशी दोनच मापे ठेवा. भांडवल कमी अडकते आणि वातींची चाचणी नीट होते. तीन वातींची मेणबत्ती आगाऊ पैसे घेऊन, मागणीप्रमाणेच करा.

विकत घेणाऱ्याने वजन आणि रुंदी दोन्ही पाहावीत. वजनातून तळाचे २० टक्के वजा करा, उरलेल्या ग्रॅमला वातीमागे ५ ते ६ ग्रॅम तासाने भागा; किती तास मिळतील ते कळते. किमतीला त्या तासांनी भागले की खरा भाव हाती येतो. वात मधोमध आणि ताठ आहे का, काठाला चिकटलेली नाही ना, हे हातात घेऊन बघा. १० सेंटिमीटरच्या भांड्यात एकच बारीक वात असेल, तर ती घेऊ नका. वेष्टनावर वजन नसेल तर विचारा, आणि फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.

घरच्या वापरासाठी आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी माझा कौल स्पष्ट आहे: साडेसात सेंटिमीटरच्या आतले भांडे आणि एक विणलेली सुती वात. ९ सेंटिमीटरच्या पुढे गेलात, तर दुसऱ्या वातीचे दोन रुपये वाचवू नका. आणि तिसरी वात घालण्याआधी भांडे मोजा, महिना कोणता आहे ते पाहा, मगच मेण वितळवायला घ्या.